लंडनमध्ये गाडी लावताना: रस्ता, कड आणि खांब

गेल्या जूनमध्ये मामा पुण्याहून आला होता. गाडी मी चालवत होते. एका मोठ्या रस्त्यावर त्याला डावीकडे औषधांचं दुकान दिसलं. "अगं, थांब ना इथेच. दोन मिनिटांत गोळ्या घेऊन येतो." कडेला दोन लाल रेघा होत्या. मी म्हटलं, "मामा, इथे नाही." तो म्हणाला, "मग दार उघडून नुसता उतरतो, तू पुढे जा." तेही नाही. तीन गल्ल्या सोडून गाडी लावली, चालत परत आलो, तेवढ्यात मामाची चिडचिड दुकानापेक्षा मोठी झाली होती. "आमच्याकडे लोक लक्ष्मी रोडवर लावतात," हे त्याचं म्हणणं. दुहेरी लाल रेघेवर नुसतं थांबण्याचाही दंड १६० पौंड असतो हे सांगितलं, तेव्हा त्याने मनातल्या मनात रुपये केले आणि गप्प बसला.

मी लंडनच्या हॅरो भागात राहते. दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी येतं, भाड्याची गाडी घेतं आणि मला फोन करून विचारतं, "अगं, इथे लावू का?" फोनवरून हे सांगता येत नाही, कारण उत्तर त्या रस्त्यावर लिहिलेलं असतं. कुठे लिहिलेलं असतं आणि ते कसं वाचायचं, एवढंच या लेखात आहे. लंडनमध्ये पार्किंगचे पैसे भरपूर लागतात, पण लोकांचा खिसा रिकामा होतो तो न वाचल्यामुळे.

आधी ठरवा, गाडी शहरात न्यायचीच का

हा प्रश्न टाळून पुढे जाऊ नका. मध्य लंडनमध्ये गाडी लावायच्या आधी, तिथे नुसतं शिरायचेच पैसे पडतात. कंजेशन चार्ज २००३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. २ जानेवारी २०२६ पासून तो दिवसाला १८ पौंड आहे. सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ ते संध्याकाळी ६, आणि शनिवार-रविवार व बँक हॉलिडेला, म्हणजे सार्वजनिक सुट्टीला, दुपारी १२ ते ६. नाताळच्या दिवसापासून १ जानेवारीपर्यंत माफी. टोलनाका नाही, फाटक नाही, कुणी हात दाखवून थांबवत नाही. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि पैसे भरायची आठवण तुम्हीच ठेवायची. त्या दिवसानंतरच्या तिसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत भरता येतात, पण उशिरा भरलेले महाग पडतात. विसरलात तर १८० पौंडांची नोटीस येते, १४ दिवसांत भरली तर ९०.

दुसरा चार्ज यूलेझचा. हा प्रदूषणाचा आहे आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सगळ्या बरोंना, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकांच्या भागांना, लागू आहे. वर्षात फक्त नाताळचा दिवस सोडून २४ तास. गाडी निकषात बसत नसेल तर दिवसाला १२.५० पौंड. साधारणपणे २००६ नंतरची पेट्रोल गाडी आणि सप्टेंबर २०१५ नंतरची डिझेल गाडी बसते, त्यामुळे भाड्याच्या नव्या गाडीची फारशी काळजी नाही. पण ओळखीच्या माणसाची जुनी डिझेल गाडी "वापर रे आठवडाभर" म्हणून मिळाली असेल, तर ट्रान्स्पोर्ट फॉर लंडनच्या (शहराची वाहतूक सांभाळणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर आधी नंबर टाकून बघा. फुकटची गाडी आठवड्याला ८७.५० पौंडांना पडायची.

एवढं झाल्यावर मग मध्यवर्ती भागातलं पार्किंग, म्हणजे तासाला पुण्यातल्या चांगल्या थाळीएवढे पैसे. म्हणून माझा सल्ला एकच असतो: गाडी शहराच्या कडेच्या ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, स्टेशनावर लावा आणि आत ट्यूबने जा. उत्तरेकडून येत असाल तर जुबिली लाइनचं स्टॅनमोर किंवा पिकॅडिली लाइनचं कॉकफॉस्टर्स, ऑक्सफर्डच्या बाजूने ए-४० वरून येत असाल तर हिलिंग्डन, हीथ्रोच्या बाजूला हॅटन क्रॉस आणि ऑस्टरली. या सगळ्या स्टेशनांना स्वतःचे कार पार्क आहेत. फक्त स्टॅनमोरला एक मेख आहे. वेम्बली स्टेडियममध्ये सामना किंवा मैफल असली की त्या दिवसाचा दर चढा असतो.

आपल्या लोकांना एक ठिकाण हटकून बघायचं असतं, ते म्हणजे प्रिमरोझ हिलजवळचं किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर. १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर तिथे राहिले आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. ते कॅम्डेन बरोत आहे, आणि कॅम्डेनमध्ये गाडी लावणं म्हणजे जवळपास प्रत्येक रस्त्यावर रहिवाशांच्या परमिटाशी गाठ. तिथे गाडी नेऊ नका. नॉर्दर्न लाइनने चॉक फार्मला उतरा, पुढे थोडंसं चालणं आहे.

हद्द कुणाची

लंडन ही एक महापालिका नाही, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ संपतो. ३२ बरो आणि सिटी ऑफ लंडन, असे ३३ कारभार. प्रत्येकाचे दर वेगळे, वेळा वेगळ्या, पैसे भरायचं ॲप वेगळं, बँक हॉलिडेची सवलतही वेगळी. रस्त्याच्या एका बाजूला एक बरो आणि समोरच्या बाजूला दुसरा, असंही होतं. वर मोठे हमरस्ते बरोंच्या हातात नाहीतच, ते ट्रान्स्पोर्ट फॉर लंडनकडे आहेत. लंडनच्या एकूण रस्त्यांत ते जेमतेम पाच टक्के, पण मामाचं औषधांचं दुकान नेमकं त्यांच्यावरच असतं. तेव्हा "मागच्या आठवड्यात ईलिंगमध्ये रविवारी फुकट होतं" या अनुभवाचा इस्लिंग्टनमध्ये काही उपयोग नाही.

पहिली नजर रस्त्यावर

गाडी थांबवायच्या आधी काच खाली करून डांबराकडे बघा.

एक पिवळी रेघ: ठरावीक वेळेत उभं राहायला मनाई. ती वेळ जवळच्या खांबावर असते. नसली तरी "पाटीच नाही, म्हणजे चालतंय" असं समजू नका. त्याचं कारण खाली सांगते.

दोन पिवळ्या रेघा: कधीच नाही. रात्री तीनला नाही, रविवारी नाही, दिवाळीला तर नाहीच. यासाठी खांबावर पाटी असावीच लागते असंही नाही. मात्र पिवळ्या रेघेवर, एक असो की दोन, माणूस उतरवायला किंवा चढवायला थांबता येतं, आणि जड सामान चढवायला-उतरवायलाही. शर्ट घ्यायला दुकानात जाणं सामानात बसत नाही. फ्रिज बसतो.

लाल रेघा: इथे "थांबणं" हाच गुन्हा. दोन लाल रेघा म्हणजे कधीच नाही, एक लाल रेघ म्हणजे पाटीवरच्या वेळेत नाही, बहुतेकदा सोमवार ते शनिवार सकाळी ७ ते संध्याकाळी ७. इंजिन चालू आहे, मी गाडीतच बसलोय, बायको फक्त उतरतेय, यातलं काहीही चालत नाही. काळ्या टॅक्सीला प्रवासी उतरवायची मुभा आहे, तुम्हाला नाही. लाल रेघांच्या रस्त्यांवर मधूनमधून आखलेले चौकोन असतात. त्यांच्या पाटीवर लिहिलेल्या वेळेत, लिहिलेल्या कामासाठीच तिथे थांबता येतं.

पादचाऱ्यांच्या क्रॉसिंगच्या दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा आणि शाळेसमोरच्या पिवळ्या वेड्यावाकड्या रेघा, दोन्हींपासून लांब राहा. बसस्टॉपच्या चौकोनाबद्दल बोलायलाच नको.

मग फुटपाथची कड

आपली नजर इकडे जातच नाही. फुटपाथच्या कडेच्या दगडावर आडवे पिवळे फटके मारलेले दिसले तर सामान चढवा-उतरवायलाही बंदी. एकेकटा फटका असेल तर पाटीवरच्या वेळेत, जोडीने दोन-दोन असतील तर कायमची. म्हणजे रस्त्यावर दोन पिवळ्या रेघा आणि कडेला दुहेरी फटके, अशा जागी फ्रिजही चालत नाही.

दुसरी गोष्ट, फुटपाथची कड जिथे उतरती होऊन रस्त्याला टेकते ती जागा. कुणाच्या घरात गाडी शिरायला किंवा चाकाची खुर्ची, बाबागाडी उतरायला ती केलेली असते. तिच्यासमोर गाडी लावली तर तिथे कसलीही रेघ नसली तरी दंड होतो. ज्यांच्या घरासमोर लावलीत त्यांनी स्वतः परवानगी दिली असेल तर गोष्ट वेगळी. डॉलिस हिल लेनवर महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. मंडळ १९३२ पासूनचं आहे, गणपतीला तिथे भरपूर गर्दी होते आणि उशिरा आलेली माणसं आसपासच्या गल्ल्यांत जागा शोधत फिरतात. अशा वेळी दोन घरांच्या उतारांमधली अर्ध्या गाडीची जागा फार मोहात पाडते. गाडीचं मागचं चाक हातभर उतारावर आलं तरी ते मोजलं जातं. आरती चुकली तरी चालेल.

तिसरी, फुटपाथवर चाक चढवणं. इंग्लंडच्या इतर गावांत तुम्ही अरुंद गल्ल्यांमधून अर्धी फुटपाथवर चढवलेली गाड्यांची रांग पाहिली असेल. लंडनमध्ये १९७४ च्या कायद्यापासून हे निषिद्ध आहे. चारपैकी एक चाक चढलं तरीही. जिथे मुभा आहे तिथे निळी पाटी असते आणि फुटपाथवर पांढरी आखणी असते. भाच्याकडे बर्मिंगहॅमला राहून आलेले पाहुणे इथे हमखास फसतात.

शेवटी खांब

आता खांब. रोज दिसणारी एक पाटी घेऊ आणि ओळीने वाचू. निळ्या चौकोनात पांढरा "पी". खाली लिहिलंय: सोमवार ते शनिवार, सकाळी ८.३० ते संध्याकाळी ६.३०. परमिटधारक किंवा फोनने पैसे भरा. जास्तीत जास्त २ तास. १ तासात परत येऊ नका. आणि शेजारी एक बाण.

बाणापासून सुरुवात करा. पाटी बाणाच्या दिशेच्या जागांना लागू आहे. तुमची गाडी खांबाच्या दुसऱ्या बाजूला असेल, तर पुढच्या खांबापर्यंत चालत जा. मधल्या पांढऱ्या आखणीत खंड पडला असेल तर नियम तिथे बदलला.

मग वेळ. समजा मंगळवारी दुपारी ३ ला पोहोचलात. पाचपर्यंत पैसे भरता येतील, त्यानंतर गाडी काढावी लागेल आणि सहाच्या आत त्याच जागी परत लावता येणार नाही. आता समजा ४.४५ ला पोहोचलात. ६.३० पर्यंतचे, म्हणजे पावणेदोन तासांचे पैसे भरले की काम झालं. पुढे दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० पर्यंत गाडी तिथेच राहिली तरी चालते. आणि हेच शनिवारी केलंत तर? थेट सोमवारी सकाळी ८.३० पर्यंत. एवढ्या हिशेबावर मी दोन वर्षं नाटकांना गेले आहे. साडेचारच्या पुढे पोहोचायचं, हा माझा नियम.

पण खांबावर खालच्या बाजूला आणखी एखादी पिवळी पाटी बांधलेली आहे का तेही बघा. घर बदलणाऱ्यांचा ट्रक, झाडांची छाटणी, गॅसचं काम, शूटिंग अशा कारणांनी जागा तात्पुरती "निलंबित" करतात आणि त्यावर तारखा लिहिलेल्या असतात. आजची तारीख ठीक आहे म्हणून चार दिवसांसाठी गाडी ठेवून एडिंबराला गेलात आणि परवापासूनचं निलंबन वाचलंच नाही, तर परत आल्यावर गाडी जागेवर नसेल. ती "ट्रेस" नावाच्या सेवेत नंबर देऊन शोधावी लागते. उचललेली गाडी सोडवायचे २८० पौंड, यार्डात राहिल्याचं रोजचं भाडं वेगळं आणि मूळ दंड तर आहेच.

ज्या पाट्या तुमच्यासमोर नसतात

वर म्हटलं होतं की पिवळ्या रेघेजवळ पाटी नसली तरी हुरळून जाऊ नका. त्याचं कारण कंट्रोल्ड पार्किंग झोन, ज्याला सगळे सीपीझेड म्हणतात. एका वस्तीच्या सगळ्या एकेरी पिवळ्या रेघांना एकच वेळ लागू असते आणि ती वेळ वस्तीत शिरताना दोन्ही बाजूंच्या खांबांवर एकदाच लिहिलेली असते. तुम्ही ताशी वीस मैलांनी वळणार, मागून बस हॉर्न देणार, नकाशातली बाई "डावीकडे वळा" म्हणणार. त्या क्षणी ती पाटी वाचायची असते. सुटली असेल तर चालत मागे जा किंवा त्या बरोच्या संकेतस्थळावर रस्त्याचं नाव टाकून झोनची वेळ बघा.

आमच्याकडे हॅरोत काही झोन दिवसातून फक्त एक तासाचे आहेत. पहिल्यांदा पाहिल्यावर मला हसू आलं होतं. एक तासाने काय होणार? पण यामागे डोकं आहे. बाहेरगावचे लोक सकाळी स्टेशनाजवळच्या गल्लीत गाडी टाकून दिवसभर कामाला जात. भरदिवसा एक तास बंदी घातली की त्यांची गाडी नेमकी त्या तासात सापडते. दूधवाला, सुतार, जेवायला आलेले पाहुणे यांना मात्र बाकीचा दिवस मोकळा. तेव्हा तुम्ही दहाला आलात, रस्ता रिकामा दिसला, आनंदाने गाडी लावलीत, तर तो रस्ता रिकामा का आहे हे आधी शोधा. लंडनमध्ये रिकामी जागा फुकटची क्वचितच असते.

वेम्बलीभोवती आणखी एक प्रकार आहे. एरवी साधी वाटणारी गल्ली स्टेडियममध्ये कार्यक्रम असलेल्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत फक्त परमिटवाल्यांची होते. ईलिंग रोडला साड्या आणि फराळ घ्यायला जाणार असाल तर आधी स्टेडियमचं वेळापत्रक बघा. उत्तर लंडनमध्ये आर्सेनल फुटबॉल क्लबच्या मैदानाभोवतीही हाच प्रकार.

पैसे कसे भरायचे

चिल्लर टाकायची यंत्रं बरीचशी गेली. १९५८ साली मेफेअरमध्ये इथलं पहिलं पार्किंग मीटर बसलं होतं. आता खांबावर एक आकडा असतो, त्या जागेचा क्रमांक. रिंगगो, पेबायफोन, जस्टपार्क यांपैकी त्या बरोचं जे असेल ते ॲप उघडायचं, क्रमांक टाकायचा, गाडीचा नंबर टाकायचा, वेळ निवडायची. भारतातून येणाऱ्यांनी ही ॲपं हॉटेलच्या वायफायवरच उतरवून, कार्ड जोडून, एकदा तपासून ठेवावीत. पावसात, डेटा नसताना, ओटीपी पुण्यातल्या सिमवर जात असताना हे उभ्या उभ्या होत नाही. मी लोकांना रडकुंडीला आलेलं पाहिलं आहे.

खांबावर चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन करू नका. ठगांनी खऱ्या पाट्यांवर आपले स्टिकर लावून लोकांची कार्डं साफ केल्याचे प्रकार देशभर झाले आहेत. ॲप नेहमी फोनच्या स्टोअरमधूनच घ्या आणि जागेचा क्रमांक हाताने टाका.

दर किती, हे ठाम सांगता येत नाही, कारण वेस्टमिन्स्टर, इस्लिंग्टन, लॅम्बेथ अशा अनेक बरोंत तो गाडीवर ठरतो. तुमचा नंबर टाकला की ॲप तिचा धूर ओळखतं. एकाच जागी, एकाच वेळी, जुन्या डिझेल गाडीला इलेक्ट्रिक गाडीपेक्षा कितीतरी जास्त पडतात.

आणि आता माझी चूक. मी जुनी गाडी विकली, नवी घेतली, आणि ॲपमध्ये दोन्ही नंबर राहिले. दक्षिण लंडनमधल्या एका बरोत दोन तासांचे पैसे भरले आणि निवांत जेवून आले, तर काचेवर पिवळं पाकीट. गुन्हा: पैसे न भरता गाडी लावणे. मी ॲप उघडून दाखवायला वॉर्डनला, म्हणजे पावत्या फाडणाऱ्या माणसाला, शोधत फिरले. मग लक्षात आलं, पैसे भरले होते ते विकलेल्या गाडीचे. ती बहुधा त्या वेळी दुसऱ्याच कुणाच्या अंगणात उभी होती. तेव्हापासून पैसे भरून झाले की मी गाडीच्या पुढे जाऊन प्लेट आणि फोन शेजारी धरून एक फोटो काढते. शून्य आणि इंग्रजी "ओ"ची गफलतही त्यातच दिसून येते. भाड्याची गाडी असेल तर हे कराच, कारण तिचा नंबर कुणाच्याच पाठ नसतो.

भरलेली वेळ संपल्यावर १० मिनिटांची सवलत कायद्याने आहे. पाचला संपलं असेल तर ५.१० पर्यंत पावती फाडता येत नाही. ही सवलत फक्त परवानगी असलेल्या जागी, वेळ उलटल्यावर. पिवळ्या रेघेवर नाही.

कुणाच्या घरी उतरणार असाल तर

नातेवाइकांना निघायच्या आधीच विचारा: तुमच्या रस्त्यावर झोन आहे का, आणि पाहुण्यांचं व्हाउचर आहे का? रहिवासी आपल्या खात्यावरून ते घेतात आणि तुमच्या गाडीचा नंबर त्यात टाकतात. काही बरोंत अजून खरवडायचं कार्ड असतं, बऱ्याच ठिकाणी सगळं ऑनलाइन झालंय. घरमालकाला हे रोज सकाळी आठवणीने करावं लागतं, तेव्हा लाजू नका, सकाळच्या चहाबरोबर आठवण करून द्या.

लंडनला नोकरीसाठी येऊन घर भाड्याने घेणाऱ्यांसाठी मात्र यापेक्षा मोठी गोष्ट आहे. स्टेशनाजवळच्या बऱ्याच नव्या इमारती "कार-फ्री" अटीवर बांधलेल्या असतात. म्हणजे तिथल्या रहिवाशाला रस्त्यावरचं परमिट मिळतच नाही, कितीही पैसे द्यायची तयारी असली तरी. एजंट फ्लॅट दाखवताना स्विमिंग पूल दाखवतो, हे सांगेलच असं नाही. करारावर सही करण्याआधी लेखी विचारा आणि त्या बरोच्या परमिट पानावर स्वतः पत्ता टाकून बघा.

ज्यांच्याबरोबर अपंग किंवा खूप वयस्कर आईवडील आहेत त्यांच्यासाठी एवढंच: इथल्या ब्लू बॅजधारकाला (ब्लू बॅज म्हणजे अपंगांसाठीचा पार्किंग परवाना) सामान चढवा-उतरवायची बंदी नसलेल्या पिवळ्या रेघेवर तीन तास थांबता येतं, घड्याळाची तबकडी लावून. पण वेस्टमिन्स्टर, सिटी, केन्सिंग्टन-चेल्सी आणि कॅम्डेनचा काही भाग इथे ही सवलत तशीच्या तशी चालत नाही. भारतातलं प्रमाणपत्र काचेवर लावून उपयोग नाही.

दंड झालाच तर

पहिलं काम, पावतीवर कुणाचं नाव आहे ते बघा. बरो किंवा ट्रान्स्पोर्ट फॉर लंडनकडून येते ती पेनल्टी चार्ज नोटीस. सुपरमार्केट, हॉस्पिटल, जिमच्या आवारातली खाजगी कंपनी पाठवते ती पार्किंग चार्ज नोटीस. दोन्हींचं लघुरूप पीसीएन, पाकीटही सारखंच पिवळं. हे साम्य योगायोगाचं आहे असं मला तरी वाटत नाही.

सरकारी दंडाचे दोन स्तर. जिथे थांबायलाच नको होतं तिथे थांबलात तर वरचा, जिथे थांबायची मुभा होती पण पैसे-वेळ चुकली तर खालचा. एप्रिल २०२५ पासून अ गटातल्या भागांत १६० आणि ११०, ब गटातल्या भागांत १४० आणि ९० पौंड. १४ दिवसांत भरलं तर निम्मे. पावतीवर दोन आकडी कोड असतो, त्यावरून स्तर कळतो. ०१ म्हणजे पिवळी रेघ, १२ म्हणजे रहिवाशांच्या जागेत परमिटाविना, २१ म्हणजे निलंबित जागा, २७ म्हणजे उतरती कड, ६२ म्हणजे फुटपाथ, आणि माझा होता तो ११.

चूक तुमची असेल आणि सबब नसेल, तर निम्मे भरून मोकळे व्हा. सबब असेल तर त्याच १४ दिवसांत ऑनलाइन हरकत घ्या. तिथल्या तिथे फोटो काढून ठेवलेले हवेत: खांब, बाण, रेघ, गाडीची चाकं, ॲपची पावती. मी दोन्ही गाड्यांची कागदपत्रं आणि पैसे भरल्याची वेळ पाठवली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, "या वेळी रद्द करत आहोत." त्यातल्या "या वेळी"वर जोर होता.

पहिली हरकत फेटाळली गेली तर बहुतेकदा निम्म्याची संधी पुन्हा देतात. तरीही पटत नसेल तर थांबा. २८ दिवसांनंतर गाडीच्या मालकाला नोटीस येते, तिच्यावर २८ दिवसांत रीतसर निवेदन करायचं. तेही फेटाळलं तर लंडन ट्रायब्युनल्स या लवादाकडे २८ दिवसांत अपील. फी नाही, वकील लागत नाही, घरबसल्याही होतं. पण तिथे हरलात तर पूर्ण रक्कम. काहीच न करता कागद खणात टाकले तर रक्कम दीडपट होते, मग कोर्टात नोंद होते, मग वसुलीवाले दारात येतात. इथली ही पद्धत मोठी निर्विकार आहे. १९६० मध्ये लंडनमध्ये पहिले वॉर्डन रस्त्यावर आले, आणि त्यांनी पहिली पावती फाडली ती हृदयविकाराच्या रुग्णाला बघायला धावत आलेल्या एका डॉक्टरची. दोन पौंडांची. लोकांनी ओरड केल्यावर ती माफ झाली.

भाड्याच्या गाडीचं गणित वेगळं. नोटीस कंपनीकडे जाते. ती एकतर तुमचं नाव कळवते किंवा स्वतः भरून तुमच्या कार्डावरून कापून घेते, आपला सेवाखर्च लावून. तुम्ही मुंबईला परतून कपडे धुऊन वाळत घातले तरी हे चालूच असतं. काचेवर पाकीट दिसलं तर ते लपवू नका, इथे असतानाच भरून पावती कंपनीला पाठवा.

खाजगी जागेचं म्हणाल तर तिथे कॅमेरा आत-बाहेर जाणाऱ्या प्लेटची वेळ धरतो. बऱ्याच ठिकाणी सुरुवातीचा ठरावीक वेळ फुकट असतो आणि काही दुकानांत काउंटरजवळच्या पडद्यावर नंबर टाकला तरच तो मिळतो. हा पडदा बहुतेक पेरूच्या डब्यांमागे असतो. ही रक्कम १०० पौंडांपर्यंत, लवकर भरल्यास साठच्या आसपास. हा दंड नसून कराराचा दावा आहे, म्हणून केराच्या टोपलीत टाका असं सांगणारे काका प्रत्येक व्हॉट्सॲप गटात असतात. त्यांचं ऐकू नका, कंपन्या कोर्टात जातात. फक्त तारीख बघा: काचेवर काही न लावता नुसतं टपालाने आलेलं पत्र गाडी लावल्यापासून १४ दिवसांत पोहोचलं नसेल, तर गाडीच्या नोंदणीकृत मालकावर जबाबदारी ढकलता येत नाही. आणि जॅमर लावायची भीती कुणी घातली तर, इंग्लंडमध्ये खाजगी जमिनीवर ते ऑक्टोबर २०१२ पासून बेकायदा आहे.

जाता जाता, हीथ्रो

पाहुण्यांना सोडायला जाता, दोन मिठ्या, एक फोटो, "पोहोचल्यावर कळव." टर्मिनलच्या दारात गाडी नेली की पैसे लागू झाले. २०२१ मध्ये हे ५ पौंडांनी सुरू झालं, २०२५ ला ६ झालं, त्यानंतरही वाढलंय. इथेही फाटक नाही, दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत ऑनलाइन भरायचं असतं. डोळे पुसत घरी आलेला माणूस हेच विसरतो. फुकट सोडायचं असेल तर लाँग स्टे कार पार्कात उतरवा, तिथून टर्मिनलला मोफत बस आहे. आणायला जाताना दारात थांबू नका, शॉर्ट स्टे कार पार्कात जा.

मामाला सोडायला गेले तेव्हा मी दारापर्यंत नेलं. त्याच्याकडे तीन बॅगा होत्या आणि गुडघा दुखत होता. बॅगा उतरवताना तो खाली वाकला, रस्त्याच्या कडेकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "इथे रेघ कुठली आहे गं? थांबायला चालतं ना?"